पुलावरील गाडी : एका प्रसिद्ध छायाचित्राचें परीक्षण

गेल्या श्रावणांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आपल्या घरचें जुनें दप्तर मंडळाच्या संग्रहास देऊं केलें व त्याची छाननी करण्याचें काम आमच्याकडे आलें. दप्तरांत शेवटचीं पानें गळालेल्या दोन पोथ्या, एक फाटकी किर्द, कांहीं सुटे हिशेब व जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलें एक छायाचित्र इतकाच ऐवज होता. पोथ्यांविषयीं स्वतंत्र लिहावें लागेल. परंतु दात्याचा सारा जीव त्या छायाचित्रांत गुंतलेला होता. "पोथ्यांचें काय वाटेल तें करा, पण हें मात्र दर्शनी भिंतीवर लावा, हिंदुस्थानांतल्या पहिल्या आगगाडीचें चित्र आहे हें," असें त्यांनीं आम्हांस बजावून सांगितलें.

चित्र बहुतेक वाचकांच्या पाहण्यांतलें असेल. लांबच लांब कमानींचा पूल, त्याखालीं पाणी, पुलावर वाफेचें इंजिन आणि त्यामागें डब्यांची रांग. शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांत, स्मरणिकांत तें आपण पाहिलें आहे. आणि हल्लीं तर एप्रिलची सोळावी तारीख उजाडली कीं तें घरोघर भ्रमणध्वनीवर येऊन पोंचतें. त्याखालची ओळ थोड्याफार फरकानें एकच असते: पहिली आगगाडी, मुंबई ते ठाणें, १६ एप्रिल १८५३. कोणी १८५४ लिहितात, कोणी १८५५. पण 'पहिली' हें विशेषण सहसा कोणी सोडीत नाहीं.

वाचकांपासून एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. या ओळीच्या प्रसारास आम्हींही हातभार लावलेला आहे. सन २००३ मध्यें रेल्वेच्या दीडशे वर्षांचा उत्सव झाला, तेव्हां आम्ही ठाणें जिल्ह्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों, आणि इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचे तासही आमच्याकडे होते. वर्गाच्या भिंतीवर हेंच चित्र आम्हीं लावलें व त्याखालीं बोरूनें, वळणदार बाळबोध अक्षरांत, हीच ओळ लिहिली. खाडीपलीकडून, कळव्याहून, येणाऱ्या एका मुलानें हात वर करून विचारलें, "सर, गाडी ठाण्यापर्यंतच आली होती ना? मग ती पुलावर कशी?" आम्हीं त्यास 'छापलें आहे तें कांहीं उगीच नाहीं' असें म्हणून खालीं बसविलें. मुलें हंसलीं. त्या प्रश्नास उत्तर द्यावयास आम्हांस वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेंही एक दप्तर हातीं आलें म्हणून.

पोथीचें परीक्षण करतांना मूळ पाठ, समासांतील टीप आणि शेवटची पुष्पिका यांस आपण तीन निरनिराळे साक्षीदार मानतों. तिन्ही एकाच पानावर आहेत एवढ्यावरून ते एकाच हातचे किंवा एकाच काळचे ठरत नाहींत. छायाचित्रासही तोच नियम लावला पाहिजे. पण व्यवहारांत तसें होत नाहीं. चित्र यंत्रानें घेतलेलें, म्हणून तें खोटें बोलणार नाहीं, असें मनांत येतें आणि हा विश्वास चित्रावरून हळूच खालच्या ओळीवर सरकतो. वस्तुतः यंत्रानें ती ओळ लिहिलेली नसते.

आमच्यापुढील प्रतीवर दोन लेख आहेत. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस पेन्सिलीनें, बारीक व तिरप्या इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द आहे. तो 'डापूरी' असा वाचतां येतो. त्याखालीं ठळक मराठींत ती सुप्रसिद्ध ओळ आहे. ती निळ्या शाईची असून भिंगांतून पाहतां गोळीच्या लेखणीची, म्हणजे आपण जीस बॉलपेन म्हणतों तिची, असल्याचें स्पष्ट दिसतें. वळणांवर शाईचे थेंब सांचले आहेत व रेघेच्या मध्यें बारीक पांढरी फट राहिली आहे. तसली लेखणी बाजारांत आली ती १९४५ च्या सुमारास. म्हणजे ज्या ओळीच्या जोरावर हें चित्र १८५३ चें म्हणावयाचें, ती ओळ त्या प्रसंगानंतर निदान नव्वद वर्षांनीं लिहिलेली आहे. दात्याच्या घरीं ती आजोबांच्या हातची मानतात. असेलही. आजोबा त्या गाडींत बसले नव्हते.

ओळ उशीरा लिहिलेली असली म्हणून खोटी ठरत नाहीं; उशीराच्या बखरींतही खरी गोष्ट असूं शकते. म्हणून ओळ झांकून ठेवून प्रथम चित्र काय सांगतें तें पाहूं.

बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत सुमारें २१ मैलांचा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीनें १६ एप्रिल १८५३ रोजीं खुला केला. १४ डबे, ३ इंजिनें, सुमारें ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, हे तपशील सर्वत्र सारखेच आढळतात. सुटण्याची वेळ कोणी साडेतीन देतात, कोणी तीन वाजून पस्तीस मिनिटें. ठाण्यास पोंचण्यास लागलेला वेळ कोणी ५७ मिनिटें सांगतात, कोणी सव्वा तास. असले पाठभेद आपणांस नवे नाहींत, व प्रस्तुत प्रश्नाशीं त्यांचा संबंधही नाहीं. संबंध आहे तो मार्गाच्या शेवटाशीं. त्या दिवशीं रूळ ठाण्यास संपत होते. ठाण्याच्या पुढें खाडी, तिच्यावरील पूल, पारसिकच्या डोंगराचे बोगदे आणि मग कल्याण, हा पुढचा तुकडा १ मे १८५४ रोजीं खुला झाला. (पुढें जलद गाड्या ज्या लांब बोगद्यांतून जाऊं लागल्या, तो १९१६ सालचा, तो येथें अभिप्रेत नाहीं.) मुंबई व ठाणें यांच्या दरम्यान शीवचें खाजण ओलांडावें लागे, पण तें कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनीं मातीचा भराव घालून ओलांडलें, तेथें असा कमानींचा लांब पूल नव्हता. तेव्हां चित्रांतला पूल ठाण्याच्या खाडीवरचा मानला, तर त्यावरची गाडी १६ एप्रिल १८५३ ची असूं शकत नाहीं. जेथें रूळच पोंचले नव्हते तेथें ती चढणार कशी? कळव्याच्या मुलानें विचारलें तें नेमकें हेंच. त्यानें कोणतेंही पुस्तक पाहिलें नव्हतें. तो रोज त्या खाडीवरून येत होता, एवढेंच.

यावर एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. मार्ग लोकांसाठीं खुला होण्यापूर्वीं कंत्राटदारांचीं इंजिनें खडी-माती वाहत फिरत असतात. मुंबईंतच फेव्हिएल व फाउलर या कंत्राटदारांचें 'फॉकलंड' नांवाचें इंजिन १८५२ सालींच भायखळ्याच्या बाजूस काम करूं लागलें होतें. तेव्हां खाडीच्या पुलावर १ मे १८५४ पूर्वींही एकादें इंजिन उभें राहिलें असेल, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तेवढ्यानें ओळ वांचत नाहीं. ओळ म्हणते ती गाडी निमंत्रितांना घेऊन तोफांच्या सलामींत बोरीबंदराहून निघालेली. कंत्राटदाराची खडीची गाडी नव्हे.

उलट बाजूनेंही एक आक्षेप घेतला जातो आणि तो मात्र टिकत नाहीं. कित्येक चिकित्सक म्हणविणारे लोक 'त्या काळीं आपल्याकडे छायाचित्रकला होतीच कोठें' असें म्हणून हें चित्र एका फटक्यांत निकालांत काढतात. ही उतावळी चिकित्सा झाली. फ्रान्समध्यें दागेरच्या पद्धतीची घोषणा १८३९ सालीं झाली व पुढच्या कांहीं वर्षांतच ती कला हिंदुस्थानांत पोंचली होती. कांचेवर ओल्या रसायनाचा थर देऊन चित्र घेण्याची आर्चरची पद्धति १८५१ ची. मुंबईंत छायाचित्रकारांची सभा १८५४ मध्यें स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. तेव्हां १८५३ च्या एप्रिलांत मुंबईंत कोणी चित्र घेतलेंच नसतें असें म्हणणें धाडसाचें आहे. चित्राची तारीख कलेच्या इतिहासानें खोटी ठरत नाहीं, ती चित्रांतल्या पुलानेंच खोटी ठरते; आणि चुकीच्या कारणानें बरोबर निर्णय देणारा परीक्षक उद्यां बरोबर वस्तूही फेंकून देईल, म्हणून हा भेद आम्ही येथें नोंदवीत आहों.

कलेचा इतिहास दुसऱ्या एका बाबतींत मात्र उपयोगी पडतो. त्या काळच्या कांचेवर प्रतिमा उमटावयास सेकंदांचे सेकंद लागत. तेवढ्या वेळांत चालती गाडी कांचेवर धुक्याच्या पट्ट्यासारखी उतरेल. आमच्यापुढील प्रतींत गाडीच्या कडा पुसट झालेल्या नाहींत. म्हणजे गाडी पुलावर मुद्दाम उभी केलेली आहे. उत्सवाची गाडी पुलाच्या मध्यभागीं थांबवून चित्रकारापुढें उभी करावी असें कोणाच्या मनांत येणार नाहीं. पण पूल बांधणाराच्या मनांत तें सहज येईल. पूल भार पेलतो हें दाखवावयाचें, व पुलाची उंची-लांबी पाहणाऱ्यास कळावी म्हणून त्यावर ओळखीच्या मापाची वस्तु ठेवावयाची. देवळाच्या चित्रांत पायरीवर माणूस बसवितात त्यांतलाच हा प्रकार. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चित्राची मांडणीच बदलून दिसूं लागते. आपण गाडी पाहतों; चित्रकारानें पूल पाहिला होता. गाडीला चौकटींत जागा किती थोडी दिली आहे आणि कमानींची रांग मात्र कशी टोंकापर्यंत धरली आहे, हें एकदां लक्षांत आलें कीं चित्राचा नायक कोण याविषयीं संशय राहत नाहीं. तें बांधकामाच्या दप्तरांतलें चित्र आहे, वृत्तपत्राचें नव्हे. रेल्वेच्या कामांचीं असलीं चित्रें घेण्याची चाल पुढें चांगलीच रूढ झाली. बोरघाटाचें कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें काम पुढें चालू ठेवविलें आणि घाटांतल्या कामांचीं छायाचित्रेंही स्वतः घेतलीं.

आतां त्या पेन्सिलीच्या शब्दाकडे वळूं. आमच्या मतें सगळ्या पुठ्ठ्यांत महत्त्वाचा असा हाच एक शब्द आहे, आणि आजवर त्याची उपेक्षा झाली आहे. केवळ आमच्याच प्रतीवर तो आहे असें नाहीं. या चित्राच्या छापील प्रतींखालीं देखील 'डापूरी येथील पूल' असें लिहून पुढें बिनदिक्कत 'ठाण्याजवळ' असें जोडलेलें असतें. डापूरी म्हणजे काय, हा प्रश्न जोडणाऱ्यास पडलेला दिसत नाहीं.

जुने इंग्रज लेखक आपला 'ड' कानानें ऐकून बहुधा 'र' लिहीत. खडकीचें त्यांनीं किर्की केलें, वडगांवचें वुरगांव, बडोद्याचें बरोडा, धारवाडचें धारवार, काठेवाडचें काठियावार. 'ड', 'ल' व 'र' यांच्या उच्चारांची जवळीक आमच्या शास्त्रकारांसही ठाऊक होती, त्यामुळें संस्कृत शिकलेल्या माणसास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. हा नियम 'डापूरी' या शब्दास लावून पाहावा. पहिला 'ड' हा रोमन लिपींतल्या 'द' चाच अवतार. शेवटचा 'र' हा मूळ 'ड'. आणि ओकाराचा ऊकार होणें ही त्या लेखनांतली नित्याची गोष्ट. शब्द सरळ हातीं येतो तो दापोडी. पुण्याच्या वायव्येस, मुळेच्या कांठची दापोडी.

या त्रैमासिकाच्या वाचकांस दापोडीची ओळख करून द्यावयास नको. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणावर कॅप्टन फोर्डची पलटण येऊन मिळाली ती दापोडीहून. त्याच फोर्डची तेथली जागा पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं सरकारासाठीं घेतली, आणि १८२८ सालीं तेथें वनस्पतींचा बाग घातला. गव्हर्नरसाहेबांचा मुक्काम पावसाळ्यांत तेथें असे. त्या काळच्या इंग्रजी कागदांत हें नांव 'डापूरी' असेंच येतें. तेव्हां पेन्सिलीनें तें एकच नांव लिहिणाऱ्यास आणखी कांहीं लिहिण्याची गरज भासली नाहीं, यांत आश्चर्य नाहीं. त्याच्या वाचकांस डापूरी कोठें आहे हें ठाऊक होतें. पुढच्यांस ठाऊक राहिलें नाहीं, आणि न कळलेल्या शब्दाशेजारीं टीकाकार जसा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ लिहून मोकळा होतो, तसें येथें 'ठाण्याजवळ' आलें.

कोणी म्हणेल कीं, ठाण्याच्या आसपासच तत्सम नांवाचें गांव असल्यास हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. शंका योग्य आहे. भिवंडी तालुक्यांत दापोडें म्हणून गांव आहे खरें. आज तेथें गुदामांची दाटी आहे. पण कल्याणास जाणारा जुना मार्ग ठाण्याहून कळवा, मुंब्रा, दिवा असा खाडीच्या दक्षिणेकडून जातो. दापोडें पडतें उत्तरेस, पाण्यापलीकडे. त्या गांवाचें नांव या मार्गावरील पुलास चिकटण्याचें कारण नाहीं. उलट पुण्याच्या दापोडीपाशीं कंपनीचा मार्ग खुद्द मुळा ओलांडतो. नांव, नदी आणि रूळ तिन्ही एका ठिकाणीं मिळतात तीं तेथें.

आतां १८५३ च्या पुरस्कर्त्यांपुढें उभयतःपाशा रज्जु आहे. पूल ठाण्याच्या खाडीवरचा म्हणावा तर मार्ग खुला झाला १ मे १८५४ रोजीं. दापोडीचा म्हणावा तर खंडाळा ते पुणें हा तुकडा खुला झाला १४ जून १८५८ रोजीं. कोणत्याही बाजूनें ओढलें तरी फांस १८५३ च्याच गळ्यास बसतो. आमचा स्वतःचा कौल दापोडीच्या बाजूनें आहे, कारण चित्रावरील लेखांत अधिक जुना लेख तोच आहे, आणि जें नांव पुढच्या लोकांस कळेनासें झालें तें नांव मागाहून कोणी घुसडण्याचा संभव फार थोडा. अवघड पाठ जुना असतो, सोपा पाठ मागाहूनचा, हा पोथ्या जुळविणाऱ्यांचा अनुभव येथेंही लागू पडतो.

दात्याची समजूत घालतांना आम्हीं त्यांस सांगितलें कीं, दापोडीचा पक्ष खरा धरला तर तुमच्या चित्राचें मोल कमी होत नाहीं, वाढतें. त्यांस तें तेव्हां पटलें नाहीं. वाचकांस पटतें का पाहावें. कल्याणहून खोपोलीपर्यंत रूळ आले ते मे १८५६ मध्यें. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत झाले १८५८ मध्यें. मधला बोरघाट तसाच उभा. त्या चढावाचें काम १८५६ त सुरू होऊन १८६३ त पुरें झालें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे आणि ८ मोठे पूल. पटकीनें तेथें हजारों मजूर नेले. या पांच वर्षांत मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशीं गाडींतून उतरे, पालखी, तट्टू किंवा छकडा करून घाट चढे, आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडींत बसे. आतां विचार करावा कीं ती दुसरी गाडी वर आली कशी? रूळ नव्हते. म्हणजे इंजिनें, डबे, चाकें सर्व कांहीं घाटाच्या सडकेनें ओढून वर चढविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. दापोडीच्या पुलावर त्या पांच वर्षांत जी गाडी उभी राहिली असेल, ती दोन्ही बाजूंनीं तुटलेल्या रुळांवरची, समुद्राशीं कसलाही लोखंडी संबंध नसलेली, माणसांनीं व जनावरांनीं डोंगरावर वाहून आणलेली गाडी होय. बोरीबंदरच्या तोफा ऐकणाऱ्या ४०० निमंत्रितांपेक्षां आम्हांस तरी ही हकीकत अधिक ऐकण्यासारखी वाटते. मुंबईच्या गाडीचें वर्णन करणारे पुष्कळ झाले; घाटावर इंजिन चढविणाऱ्यांचें कोणीं केलें?

ही चूक झाली कशी, याचा तर्क करतां येतो. 'पहिल्या रेल्वेवरील पूल' किंवा तत्सम कांहीं शब्द प्रथम कोणी लिहिले असतील, तर त्यांत कांहीं वावगें नव्हतें. ती कंपनी हिंदुस्थानांत उतारूंची वाहतूक सुरू करणारी पहिलीच होय. पुढच्यानें 'पहिल्या रेल्वेची गाडी' केलें. त्याच्या पुढच्यानें 'पहिली गाडी'. विशेषण रेल्वेवरून घसरून गाडीवर येऊन बसलें, आणि पहिली गाडी म्हटलें कीं तारीख आपोआप आली. एकदां तारीख आली म्हणजे स्थळ ठाणें असणें भागच पडलें. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु नकलकारांच्या हातून श्लोकांतलीं विशेषणें अशींच एका नामावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, हें ज्यांनीं चार पोथ्या जुळविल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

'पहिली' या शब्दाची हौसच अनावर. वस्तुतः मद्रासकडे रेड हिल्सच्या दगडांसाठीं १८३७ सालीं रूळ पडले होते आणि रुरकीस गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ च्या डिसेंबरांत वाफेचें इंजिन चाललें होतें. मुंबईची गाडी उतारूंची पहिली, एवढेंच म्हणावें, आणि तेवढें पुष्कळ आहे. त्याच हौसेपायीं दुसरेंही एक चित्र पहिल्या गाडीचें म्हणून छापतात. तें 'फेअरी क्वीन' या इंजिनाचें. तें इंजिन १८५५ सालीं लीड्स येथें तयार झालेलें, आणि ईस्ट इंडियन रेल्वेचें, म्हणजे हावड्याकडचें. येथें तर चाकें मोजलीं तरी पुरें. मुंबईच्या कंपनीनें लँकेशायरच्या व्हल्कन कारखान्यांतून आणविलेल्या पहिल्या इंजिनांस गति देणाऱ्या चाकांच्या दोन जोड्या होत्या. 'फेअरी क्वीन'ला एकच. तीन इंजिनांचीं साहेब, सिंध व सुलतान हीं नांवें सर्वतोमुखीं आहेत. त्यांविषयीं येथें वाद घालीत नाहीं; मात्र अनुप्रास इतका नेटका जुळला कीं आमच्यासारख्या काव्य शिकविलेल्या माणसाच्या मनांत शंका डोकावतेच.

आतां प्रकरण कोठवर आलें तें सांगतों. आमचें मत कळल्यावर दाते नाराज झाले. "तुम्हांला चित्र नको असेल तर दप्तरच परत द्या," असा त्यांचा निरोप आला. दप्तर परत जाणें म्हणजे त्या दोन पोथ्याही जाणें. आणि त्यांतली एक, शेवटचीं पानें गळालेली असूनही, आम्हांस सोडवत नाहीं. कार्यकारी मंडळाच्या एका सभासदांनीं सुचविलें कीं, चित्राखालीं दात्याची ओळ तशीच ठेवावी व आमची टीप आंतल्या वहींत नोंदवावी. दोघांचाही मान राहील. सूचना व्यवहाराची होती. आम्हीं ती मान्य केली नाहीं. भिंतीवरची ओळ शंभरजण वाचतात, वहींतली टीप एखादा. वीस वर्षांपूर्वीं भिंतीवर काय लावलें याचा आमचा अनुभव वर दिलाच आहे. शेवटीं आम्ही स्वतः दात्याच्या घरीं गेलों, पुठ्ठा व भिंग दोन्ही घेऊन. त्यांस प्रथम निळ्या ओळीचे शाईचे थेंब दाखविले आणि मग तो पेन्सिलीचा शब्द. तो त्यांनीं आजवर पाहिलाच नव्हता. पुष्कळ वेळ ते भिंगांतून पाहत राहिले, मग म्हणाले, "माझी आजी दापोडीची." चित्र घरांत आलें कसें, याची विचारपूस त्यांनीं नातेवाइकांकडे सुरू केली आहे. दप्तर तूर्त मंडळांतच आहे.

संग्रहाच्या यादींत पुढीलप्रमाणें नोंद केली आहे: दगडी कमानींच्या पुलावर उभी केलेली आगगाडी, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें इंग्रजींत 'डापूरी', म्हणजे दापोडी, १६ एप्रिल १८५३ चें नव्हे, पुठ्ठ्यावरील नांव प्रमाण धरल्यास खंडाळा-पुणें मार्गाचें, १८५८ च्या सुमाराचें अथवा नंतरचें, खालील मराठी ओळ १९४५ नंतरची व चुकीची, परंतु खोडूं नये. कळव्याच्या त्या मुलाचा पत्ता शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळाला असून या अंकाची प्रत त्यास पाठवीत आहों.

या चित्राच्या जुन्या प्रती ज्या वाचकांकडे असतील त्यांस विनंती कीं, त्यांनीं पुठ्ठ्याची मागील बाजू व चारी कडा पाहून तेथें जें कांहीं लिहिलें असेल तें, अक्षराचें वळण व शाई यांच्या वर्णनासह, मंडळाकडे कळवावें. पुठ्ठ्यापासून चित्र सोडविण्याचा प्रयत्न घरीं करूं नये. जुनें चित्र खळीसकट सुटून येतें व मागचा लेख जातो.